चार खुर्च्यांचं मशीन

नागपूरबाहेरच्या वाडीतल्या त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी पहिल्यांदा गेले तेव्हा आत शिरायलाच पाऊण तास लागला. फाटकात दोन ट्रक एकमेकांना आडवे आले होते आणि दोघांपैकी कोणीच मागे घ्यायला तयार नव्हतं. लूना अमरावती रोडच्या कडेला लावून मी धुळीत उभी राहिले. वय तेवीस, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, वर सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स. धरमपेठेत कॉम्प्युटर विकणाऱ्या एका दुकानात लागून मला वर्षही झालं नव्हतं. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. नागपुरात तेव्हा कॉम्प्युटर ही चपला बाहेर काढून, काचेच्या खोलीत जाऊन बघायची वस्तू होती. आमच्या सरांनी मला एवढंच सांगितलं होतं की यांना कॉम्प्युटर घ्यायचा आहे, तू जाऊन त्यांचं काम बघ आणि कोणतं मशीन, कोणती सिस्टिम लागेल ते दोन पानांत लिहून दे.

आमच्या दुकानात दोन तऱ्हेची मशीनं होती. एकावर डॉस चालायचं. ते साधं काम होतं, एका वेळी एकच माणूस त्यावर बसणार. बटण दाबलं की मिनिटभरात तयार. वीज गेली तर गेली, आली की पुन्हा सुरू. दुसऱ्यावर युनिक्स. त्यात मुख्य मशीन एकच, पण त्याला तारांनी चार-चार, आठ-आठ पडदे आणि कीबोर्ड जोडता यायचे. त्यांना टर्मिनल म्हणायचे. चार माणसं आपापल्या टेबलावर बसून एकाच नोंदवहीत एकाच वेळी लिहू शकायची. मात्र ते मशीन मानी होतं. बंद करायचं तर आधी सगळ्यांना उठवून, नीट सांगून बंद करावं लागायचं. अचानक वीज गेली की ते बिघडायचं. मला स्वतःला युनिक्स आवडायचं. कोर्समध्ये मी त्यावरच जास्त रमले होते. ही आवडसुद्धा पुढच्या गोष्टीत कुठेतरी आहेच, ती मी लपवत नाही.

मालक पन्नाशीचे, नरखेडकडचे. तरुणपणी स्वतः ट्रक चालवलेला माणूस. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि सिस्टिम म्हणजे काय ते समजावून घेतलं. मी सांगितलं की मशीन सुरू झाल्यावर जी आधी जागी होते आणि बाकी सगळ्या कामांना जागा देते, ती सिस्टिम. त्यांनी मान हलवली. मग डॉस आणि युनिक्समधला फरक ऐकून घेतला आणि काचेतून बाहेरच्या चार टेबलांकडे बघत विचारलं, "म्हंजे डॉस घेतलं तं एकच जण टाइप करन. मंग बाकीचे तिघं काय करतीन?"

मला तो प्रश्न वाटलाच नाही. मला वाटलं, तिघांना काढायचं ठरलं आहे.

बाहेर चार जण बसायचे. बुकिंगच्या टेबलावर बडे बाबू, ऑफिसातले सगळ्यात जुने. ते रोज कन्हानहून बस बदलत यायचे. आलेला माल लिहून घेऊन ते बिल्टी फाडायचे, म्हणजे ट्रकबरोबर जाणारी मालाची पावती. कार्बन लावून चार प्रती, आणि चौथ्या प्रतीवरही अक्षर वाचता यायचं, एवढा त्यांचा हात जड होता. त्यांच्या शेजारी डिलिव्हरीच्या टेबलावर एक ताई, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. एक जण गोदामात कोणता माल कुठे पडला आहे त्याची यादी ठेवायचा आणि एक फोनवर बसून दिवसभर, गाडी निघाली, गाडी पोचली, हेच सांगत राहायचा.

मी तीन दिवस सकाळी दहा ते संध्याकाळी सहा त्या ऑफिसात एका स्टुलावर बसले. वहीत चार रकाने आखले आणि कोण कधी पेन उचलतं, किती वेळ लिहितं, ते टिपत गेले. असं कोणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी ताईंनी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि हळूच विचारलं की या मशीनवर एका वेळी किती जण बसतील. मी म्हटलं, अजून ठरायचं आहे. त्यांनी माझ्या वहीकडे एकदा बघितलं आणि जागेवर गेल्या. त्यांच्या त्या बघण्याने मी दिवसभर अस्वस्थ होते.

कारण वही काय सांगत होती ते मला दिसत होतं. दिवसभरात एका वेळी दोघांच्या वर कोणी लिहीतच नव्हतं. संध्याकाळी चार ते सहा, गाड्या निघायच्या वेळी, दोघं. बाकी वेळ एक, नाहीतर कोणीच नाही. एवढ्या कामाला एक डॉसचं मशीन पुरलं असतं, फार तर दोन.

आमचं घर गोळीबार चौकाकडे. माझे बाबा हातमागावर लुगडी विणायचे. मी दहा वर्षांची असताना आमच्या गल्लीतल्या एका कारखान्यात चार हातमाग निघाले आणि पॉवरलूम लागले. चारपैकी तिघं दुसऱ्या दिवसापासून चौकातल्या ओट्यावर बसायला लागले. त्यांच्यात बाबा होते. पुढे बाबांना दुसरं काम मिळालं, घर चाललं, मी शिकले. पण ते तिघं ओट्यावर बसलेले मला आठवतात, आणि वाडीतल्या त्या स्टुलावर बसून रकाने भरताना ते सारखे आठवत होते.

चार दिवस मी अहवाल लिहिला नाही. दुकानात बसले की वाडीला जावंसं वाटायचं, वाडीला गेलं की तिथून पळावंसं. विनाकारण मी शंकरनगरवरून, मग सीताबर्डीवरून लूना फिरवत घरी जायची. ताटातला भात तसाच ठेवून उठले तेव्हा आई म्हणाली, "काहून वं, जेवून नाही राहिली तू? कोनं काही बोललं का?" कोणी काहीच बोललं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी अहवाल लिहिला. युनिक्स, एक मुख्य मशीन, चार टर्मिनल. कारणं सगळी खरी लिहिली: एकच नोंदवही राहील, फोनवरच्या माणसाला विचारायला उठावं लागणार नाही, गोदामाची यादी बुकिंगला आपोआप दिसेल. आणि एक वाक्य खोटं लिहिलं. या ऑफिसात चार जणांना एकाच वेळी नोंद करावी लागते.

सर खूश झाले. मोठं मशीन, मोठी ऑर्डर. त्यांनी माझी पाठ थोपटली, सगळ्यांसमोर. मला वाटलं होतं की त्या एका वाक्याने माझं मन हलकं होईल. पण सर खूश झाल्यावर ते वाक्य मी नेमकं कोणासाठी लिहिलं, हेच मला कळेनासं झालं. मालकांनी दोन पानं वाचली, एकदाही वाद घातला नाही आणि होकार दिला.

दिवाळीनंतर मशीन बसलं. चार टेबलांवर चार टर्मिनल, हिरव्या अक्षरांची. मी महिनाभर रोज वाडीला जाऊन शिकवलं. बडे बाबू एका बोटाने टाइप करायचे, पण चुकायचे नाहीत. फक्त सकाळी मशीन नाव विचारायचं तेव्हा ते आपलं आडनाव मोठ्या लिपीत, सगळं कॅपिटलमध्ये टाकायचे. आणि युनिक्सची एक खोड होती. नाव कॅपिटलमध्ये टाकलं की त्याला वाटायचं समोरचं टर्मिनल जुन्या बनावटीचं आहे, त्याला लहान अक्षरं कळत नाहीत. मग दिवसभर ते त्यांच्याशी सगळं कॅपिटलमध्येच बोलायचं. मी पंचवीस वेळा सांगितलं असेल. ते म्हणायचे, "स्वतःचं नाव लहान अक्षरात लिहायचं म्हंजे बरं नाही वाटत, पोरी." शेवटी मी त्यांच्यासाठी त्यांच्या नावाऐवजी 'बुकिंग' हे नाव करून दिलं. ते नाव मात्र ते लहान अक्षरात टाकायला लागले.

ताई सगळ्यात लवकर शिकल्या. एवढ्या लवकर की दुसऱ्या आठवड्यात त्यांना शिकवण्यासारखं काही उरलंच नाही. काम संपलं की त्या हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसायच्या. मला वाटायचं, चला, एक खुर्ची तरी वाचली.

थंडी बरी गेली. फेब्रुवारी संपता संपता वीज जायला लागली. वाडीला ती नेहमीच जायची, पण तोवर कंदील लावून बिल्ट्या फाडता येत होत्या. आता मशीन होतं. त्याला बॅटरीचा डबा दिला होता, तो दहा मिनिटं मशीन जागं ठेवायचा. त्या दहा मिनिटांत सगळ्यांनी काम थांबवून मशीन नीट बंद करावं अशी अपेक्षा होती. मी भिंतीवर कागद चिकटवला होता. पण दारात गाडी उभी, ड्रायव्हर खिडकीत हात ठेवून उभा, अशा वेळी दहा मिनिटांत एक बिल्टी अजून होते, दोन होतात, म्हणून कोणी थांबायचं नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही थांबले नसते. मग बॅटरी संपायची आणि मशीन मध्येच मरायचं.

वीज आल्यावर ते आपलं पोट तपासत बसायचं. अर्धा तास, पाऊण तास. पडद्यावर एकेक प्रश्न यायचा: हा तुकडा कोणाचा ते कळत नाही, बाजूला टाकू का? हो की नाही? बडे बाबूंनी एकदा मला फोनवर विचारलं की याला काय उत्तर द्यायचं. मी म्हटलं, हो म्हणत जा. दुसरं मला तरी काय ठाऊक होतं?

मार्चमधला एक दिवस. मृग बहाराचा संत्रा निघाला होता, नरखेडकडून माल येत होता. अकरा वाजता दुकानात वाडीहून फोन आला. तासाभरात वीज दोनदा गेली होती, मशीन उठलं होतं, पण तीन दिवसांच्या बिल्ट्या दिसत नव्हत्या आणि नवीन छापली जात नव्हती. मी लूना काढली. अमरावती रोडवर ऊन नुसतं डोळ्यांत जात होतं. ऑफिससमोर दिल्लीकडे जायचे तीन ट्रक भरून उभे होते, ताडपत्रीखाली संत्र्याच्या पेट्या. लांबूनच त्यांचा वास येत होता, गोड, थोडा जास्तच गोड.

मी बडे बाबूंच्या टर्मिनलवर बसले. युनिक्समध्ये एक कप्पा असतो, हरवलं-सापडलं अशा नावाचा. तपासणीत ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते सगळे तिथे नेऊन टाकलेले असतात, नाव पुसून, नुसता आकडा देऊन. तिथे दोनशेच्या वर तुकडे होते. त्यातल्या कुठल्यात नरखेडचा संत्रा आणि कुठल्यात गेल्या वर्षीची पत्रं, ते एकेक उघडून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. मी एक उघडला, दुसरा उघडला. मागे ड्रायव्हर उभे होते. मालक केबिनच्या दारात उभे होते. माझी बोटं घामाने कीबोर्डवरून घसरत होती.

बडे बाबू उठले. त्यांनी मागच्या लोखंडी कपाटाचं खालचं दार उघडलं आणि बिल्टीचं जुनं पुस्तक काढलं. मशीन बसल्यावर मालकांनी सगळी पुस्तकं रद्दीत द्यायला सांगितली होती. त्यांनी एक ठेवलं होतं. टर्मिनल जरा बाजूला सरकवून, कार्बन लावून ते लिहायला बसले. ताईंनी पेट्यांचे आकडे वाचून दाखवले. अर्ध्या तासात तिन्ही ट्रक निघाले. मी तोवर एकोणीस तुकडे उघडले होते आणि त्यातले दोनच कामाचे निघाले होते.

पुढचे तीन दिवस मी तिथेच होते. सगळे तुकडे उघडले, जुळवले, जे नाही जुळले ते छापलेल्या बिल्ट्यांच्या कार्बन प्रतींवरून पुन्हा भरले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मालकांनी मला आत बोलावलं. समोर माझाच अहवाल होता. त्यांनी बोट ठेवून ते वाक्य दाखवलं.

"मॅडम, चार जण एकाच वक्ती लिहितात म्हणून तुमी लिहिलं. मी पंधरा दिवसांपासून या काचेतून पाहून राहिलो. दोनाच्या वर कोणी बसत नाही."

मी म्हटलं, हो. मग मी त्यांना सगळं सांगितलं. तीन दिवस वहीत काय टिपलं, काय दिसलं, आणि त्यांनी बाकीचे तिघं काय करतील असं विचारल्यावर मला काय वाटलं. ते बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले.

"मी तुमाले विचारलं होतं," ते म्हणाले. "बाकीचे काय करतीन, हे मले खरंच मालूम नव्हतं. तुमी शिकलेल्या, तुमी सांगान असं वाटलं. मी कोणाले काढतो म्हणलं होतं का?"

म्हटलं नव्हतं. पण काढणार नव्हते असंही ते त्या दिवशी म्हणाले नाहीत. ते खरं बोलत होते की रागावून मला खाली बघायला लावत होते, यावर मी त्यानंतर कितीतरी वेळा विचार केला आहे. कधी वाटतं खरंच विचारत होते. कधी वाटतं, मी तो अहवाल तसा लिहिला नसता तर महिन्याभरात दोन टेबलं रिकामी झाली असती.

त्यांनी सरांकडे माझी तक्रार केली नाही. एवढंच सांगितलं की ही सिस्टिम आमच्या विजेला झेपत नाही, बदलून द्या. सरांनी मशीन परत घेतलं आणि डॉसची दोन दिली, एक बुकिंगला, एक डिलिव्हरीला. केबिनमध्ये मशीन नको असं मालकच म्हणाले. जुनी माहिती फ्लॉप्यांवर काढून नव्या मशीनमध्ये भरायला मीच गेले. दोन मशीनं एकमेकांशी बोलत नव्हती. म्हणून दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा बुकिंगची फ्लॉपी डिलिव्हरीच्या मशीनमध्ये न्यायची असं ठरलं. दोन टेबलांत चार पावलांचं अंतर. बडे बाबू ती फ्लॉपी पाकिटात घालून, दोन हातांनी धरून न्यायचे.

डिलिव्हरीच्या मशीनवर ताई बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी कीबोर्डकडे न बघता टाइप केलं. कीबोर्डचा आवाज सबंध ऑफिसात घुमला. फोनवरचा माणूस फोन कानाशी धरून तिकडे बघत राहिला. मी विचारलं की तुम्ही टायपिंग शिकला आहात? त्या म्हणाल्या, लग्नाआधी, परीक्षा दिली आहे, पहिल्या नंबराने पास. मग हे इतके दिवस का सांगितलं नाही, असं मी त्यांना विचारलं.

"तुमी विचारलं कुठं?" ताई म्हणाल्या. "एकच मशीन आलं असतं तं त्याच्यावर मीच बसली असती. दुसऱ्या कोणाले येते इथं? म्हणून तं मी विचारलं होतं तुमाले, किती जण बसतीन म्हणून. तुमी चार आणले. चौघांइले सारखंच काम वाटून दिलं. मंग मी काय दाखवू?"

त्या रागावून बोलत नव्हत्या. बोलता बोलता टाइप करत होत्या. मी बाजूच्या स्टुलावर बसून होते आणि मला उठून जावंसं वाटत होतं, पण एक फ्लॉपी अजून भरायची राहिली होती.

पुढे तिथे असं झालं: गोदामाची यादी ठेवणाऱ्याला मालकांनी गोदामातच टेबल दिलं. फोनवरचा माणूस सहा महिन्यांनी आपण होऊन गेला, कामठीला त्याला जवळची नोकरी मिळाली. त्याच्या जागी कोणाला घेतलं नाही. ताई ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या बाई झाल्या, त्यांचा शब्द चालायला लागला. बडे बाबू निवृत्त होईपर्यंत एक कार्बनचं पुस्तक कपाटात ठेवत होते असं मी नंतर ऐकलं. यातलं किती माझ्या खोट्यामुळे झालं, किती तसंही झालंच असतं, मला सांगता येत नाही.

सरांनी पुढचं काम दिलं ते रामदासपेठेतल्या एका दवाखान्याचं. कोणतं मशीन, कोणती सिस्टिम, दोन पानं. या वेळी मी डॉक्टरांशी सगळ्यात शेवटी बोलायचं ठरवलं. आधी नर्सशी बोलले, मग औषधं देणाऱ्याशी, मग रक्त तपासणाऱ्या बाईंशी, मग फाटकावर नाव लिहून घेणाऱ्या म्हाताऱ्याशी. वही पुन्हा भरली. प्रत्येकाला वेगळं काही हवं होतं. नर्सला मशीन वॉर्डात नकोच होतं. रक्त तपासणाऱ्या बाईंना एकटीचं हवं होतं, कुलूप लावता येईल असं. म्हातारा म्हणाला की त्याला येत नाही पण शिकायचं आहे, आणि मी ते लिहून घेतलं. मी डॉसवर एक पान लिहिलं, फाडलं, युनिक्सवर लिहिलं, फाडलं. दोन्ही थोडं थोडं असावं असं तिसरं लिहिलं, ते मलाच पटेना. सरांनी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

तिसऱ्या आठवड्यात अहवाल घेऊन मी गेले तेव्हा दवाखान्याच्या दारात रिकामं खोकं पडलं होतं, वर दुसऱ्या दुकानाची चिठ्ठी. त्यांनी मशीन घेतलं होतं. आतून कीबोर्डचा आवाज येत होता, थांबत थांबत. कोणतं घेतलं, कोण बसलं आहे, ते मी आत जाऊन विचारलं नाही. लूना वळवली आणि दुकानात परत आले.